दोन नटांवरची पिवळी रेघ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माधवीला वाटतं, त्या दिवसापासून मला समुद्र नकोसा झाला आहे, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी किनाऱ्यावर जायचं टाळतो. वाटू दे. तुम्हाला सांगतो — तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे.

मी चिंचवडचा. बहरीनला आलो तो इंजिनिअर म्हणून, आणि चार वर्षांपूर्वी एका हौशी बोटमालकाच्या टीममध्ये शिरलो. त्यांना पाण्यावरच्या वेगाचा जागतिक विक्रम मोडायचा होता. ऐकायला केवढं भारी, नाही? आईने सोसायटीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मी अदलियातल्या ऑफिसात बसून बोटीची गणितं करायचो आणि विक्रम जणू मीच मोडणार असल्यासारखा वागायचो.

नियम असा की ठरलेलं अंतर एकदा तिकडे कापायचं, तासाभराच्या आत परत इकडे कापायचं, आणि दोन्ही वेगांची सरासरी धरायची. तास उलटला की पहिली फेरी फुकट.

बोट चालवायचा यूसुफ, बहरीनचाच, हसतमुख माणूस. आणि बोटीची देखभाल दाऊदभाईंकडे. दाऊदभाई रत्नागिरीकडचे. तीस वर्षं आखातात, जिदहफ्सला खोली करून राहणारे. हिंदी येई, अरबी येई, इंग्रजी मात्र कामापुरती. आमचं बोलणं मराठीतच चाले, कारण त्या धक्क्यावर मराठी समजणारे आम्ही दोघंच होतो. हे लक्षात ठेवा.

आमची कामाची एक पद्धत होती. सुकाणूच्या पट्टीवर आठ नट. दाऊदभाईंनी जोर मोजणाऱ्या, मापाच्या पान्याने आवळायचे, मग मी तपासून प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ मारायची. नट जरा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. एकाने आवळायचं, दुसऱ्याने रेघ मारायची. एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेत यावी म्हणून.

त्या सकाळी पहिली फेरी झाली आणि आकडा विक्रमाच्या वर गेला. धक्क्यावर माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. मग पेट्रोल, तपासणी, धावपळ. वायव्येकडून वारा उठत होता. तासातली अकरा मिनिटं उरली होती — मी घड्याळाकडेच बघत होतो.

दाऊदभाई सुकाणूखाली वाकले होते. म्हणाले, “सायब, दोन नट फिरल्यात. मापाचा पाना शेडमदी ऱ्हायला. घेऊन येतो. तवर रेघ मारू नका.”

आणि पळाले. साठीचा माणूस, गुडघे दुखणारा, पळाला.

शेड लांब होती. टीमचा मॅनेजर माझ्या कानाशी येऊन यल्ला, यल्ला — चला, चला — करत होता. मी त्या दोन रेघांकडे पाहिलं — तुटलेल्या होत्या, अगदी स्पष्ट. बोटांनी नट दाबून पाहिले. हलले नाहीत. पण बोटांनी कळतं का काही? मला माहीत होतं, कळत नाही. मी बोळ्याने जुन्या रेघा पुसल्या, खिशातला रंग काढला आणि दोन नव्या मारल्या. सरळ, सुबक. मग अंगठा वर केला, आणि यूसुफने माझ्याकडे बघून आपला अंगठा वर केला.

दाऊदभाई पाना घेऊन धापा टाकत आले तेव्हा बोट निघून गेली होती. ते काही विचारायच्या आत मीच म्हणालो, “दुसऱ्या पान्याने आवळले मी.” त्यांनी मान डोलावली आणि कठड्याला टेकून श्वास घेत राहिले.

पुढचं थोडक्यात सांगतो. थोडक्यातच सांगवतं. अर्ध्या अंतरावर सुकाणू सुटलं, बोट फिरली, उलटली. यूसुफ वाचला. आता काठी घेऊन चालतो, आणि डावा पाय त्याचं ऐकत नाही.

इथे थांबलो असतो तर भित्रेपणा म्हणता आला असता. घाई, दडपण, वारा — माणूस चुकतो, असंही कोणी म्हणालं असतं. पण मी थांबलो नाही.

चार दिवसांनी विक्रमाच्या संस्थेचा निरीक्षक चौकशीला बसला. युरोपातला, फक्त इंग्रजी बोलणारा. छोट्या खोलीत तो, दाऊदभाई आणि मी. मी कशाला? तर दुभाषा म्हणून. दाऊदभाईंनीच माझं नाव सुचवलं होतं. म्हणाले होते, “सायब हायत तर घोर नाय.”

निरीक्षकाने फोटो पुढे केला. सहा नट जागेवर, दोन गायब, आणि त्यांच्या जागी पट्टीवर पिवळ्या रंगाची दोन टोकं. त्याने विचारलं, काय झालं?

दाऊदभाई नीट, सावकाश बोलले. दोन नट फिरले होते, मी पाना आणायला गेलो, रेघ मारू नका म्हणून सांगून गेलो, साहेबांनी दुसऱ्या पान्याने आवळले. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. माझ्याबद्दल तक्रारीचा सूरही नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आता तुम्ही सांगा म्हणून.

मी सांगितलं. इंग्रजीत, मोठमोठे शब्द घालून — दाऊदभाईंना कळणार नाहीत असे मुद्दाम निवडून. सांगितलं की, नट आवळायची जबाबदारी यांची होती, दोन यांच्या हातून राहिले, मला त्यांनी सगळे आवळल्याचं कळवलं, आणि ते चूक मान्य करतात.

निरीक्षकाने त्यांच्याकडे पाहिलं. दाऊदभाईंनी मान डोलावली. त्यांना वाटलं, आपलंच म्हणणं चाललं आहे.

त्यांचा व्हिसा रद्द झाला. पत्र त्यांनी माझ्याकडूनच वाचून घेतलं, आणि मी म्हणालो, टीम बंद करताहेत, आपलं नशीब. निरीक्षकाच्या अहवालानंतर आखातातल्या कुठल्याही वर्कशॉपने त्यांना घेतलं नाही. का घेत नाहीत, ते त्यांना कधी कळलं नाही. जायच्या आदल्या दिवशी त्यांना मी माझ्या गाडीतून बाब अल बहरीनला खरेदीला नेलं. परतताना त्यांनी केशरी हलव्याचा डबा माझ्या हातात कोंबला. म्हणाले, तुम्ही माझ्यासाठी बोललात. तो हलवा आम्ही खाल्ला. मी दोनदा घेऊन खाल्ला.

दर ईदला त्यांचा व्हॉइस मेसेज येतो. आता गावी मच्छीमारांची इंजिनं दुरुस्त करतात, नजर कमी झाली आहे. या ईदला माझी मुलगी शेजारी बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजी. दाऊदभाई म्हणत होते, सायब, त्या गोऱ्यापुढं तुमी माझी बाजू मांडली, ती मी इसरलो नाय.

मेसेज संपल्यावर तिने विचारलं, “बाबा, व्हॉट डिड यू टेल देम?”

मी म्हणालो, “ते जे बोलले, तेच.”

ते बोलले होते ते असं: दोन नट फिरलेत, पाना घेऊन येतो, तोवर रेघ मारू नका. रेघ मी मारली.