गच्चीवरचं मशीन आणि आमचा धूप

आमच्या शिरवण्याच्या घरात संध्याकाळ झाली की कंपन्यांच्या बाजूने डोळ्यांना झोंबणारा वास येतो. आईची धाप वाढते. पंप घेतला तरी तासन्‌तास नुसती बसून असते. तक्रार केली की प्रदूषणवाले साहेब येणार ते दुसऱ्या दिवशी सकाळी. हुंगणार आणि म्हणणार, कुठे काय? एक साहेब तर आईकडे बघून, आजींचं वय झालंय, म्हणून मोकळा झाला. अशी सणक गेली माझ्या डोक्यात!

मग कॉलेजातल्या दोन संशोधक मुलींनी आमच्या गच्चीवर मशीन बसवलं. नळीतून हवा आत ओढायची, तिच्यावर लेझर मारायचा. डोळ्यांना झोंबतो तो फॉर्माल्डिहाइड वायू त्या उजेडात स्वतः चमकतो, आणि किती चमकला त्यावरून हवेत किती आहे ते कळतं. पहिल्याच संध्याकाळी पडद्यावरची रेघ सरसर वर चढली. आई बघतच राहिली. इतकी वर्षं ती घसा फोडून सांगत होती तेच तिथे दिसत होतं.

साहेबांनी रेघ पाहिली आणि थेट देवघराकडे बोट दाखवलं. म्हणे, तुम्ही लोक संध्याकाळी धूप घालता, त्याचंच आहे हे. अहो, कंपनीचा वास मरावा म्हणून तर अख्खी आळी धूप घालते! मी भांडायलाच उठले होते. पण एक मुलगी हळूच म्हणाली, धुरातूनही हा वायू निघतो, साहेबांचं अगदीच खोटं नाही. मग आईच दारोदार फिरली. दर दोन घरांनी श्वास घ्यायला थांबत तिने सगळ्यांना विनवलं, थोडे दिवस धूप नको. तिने स्वतः जन्मात कधी देवापुढचा धूप चुकवला नव्हता.

आळीतला धूप बंद झाला. तरी वारा कंपन्यांकडून आला की रेघ चढायची, खाडीकडून आला की खाली बसायची. साहेबांना मुद्दाम संध्याकाळीच बोलावलं, आता बोला म्हटलं.

साहेब बोलले. मशीन चांगलं आहे, पण मान्यता मिळालेल्या यंत्रांत बसत नाही, त्याच्या आकड्यांवर कंपनीला नोटीस काढता येत नाही. मान्यता मिळेपर्यंत खिडक्या बंद ठेवा. आणि हे सांगताना त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या नाकाला रुमाल लावला होता! काडीची लाज नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

आई मात्र शांतपणे म्हणाली, "माजं नाय ऐकलं, मी आडानी. या मशीनचं पन नाय ऐकत?"

साहेब चहा न घेताच निघाले. आई उठली आणि धापा टाकत एकेक खिडकी लावत गेली.