आप्पांचं तक्रारीचं फ्रेंच

आप्पांनी घरात चहा मागितला, की गल्लीच्या तोंडावरचा हॉटेलवाला कप विसळायला घ्यायचा. असा आवाज! मी बेळगावात, वडगावला राहत होतो तेव्हा ते माझे शेजारी होते. बेळगाव-निपाणी गाडीवर त्यांची उभी हयात कंडक्टरकीत गेलेली. निवृत्त झाले ते फक्त आप्पा. आवाज नोकरीवरच राहिला.

भाषा शिकायची त्यांची एक खास रीत होती. "नमस्कार-बिमस्कार कुनालाबी येतंय रं," ते म्हणायचे, "भांडता आलं म्हंजे भाषा आली." त्यांचं कन्नड तसंच पिकलं होतं. संकेश्वरच्या स्टँडवर खिडकीच्या जागेवरून भांडणाऱ्या प्रवाशांनी त्यांना ते फुकट शिकवलं.

पण उतारवयात त्यांची गाठ फ्रेंचशी पडली. मुलगा धनंजय नोकरीला फ्रान्समध्ये, सून तिकडचीच, आणि चिमुरडी नात लीना फक्त फ्रेंच बोलणारी. रविवारी व्हिडिओ कॉल लागला, की ती सोफ्यावर यायची, आजोबांकडे परक्या पाहुण्यासारखं बघायची आणि पळून जायची. मग आप्पा त्या रिकाम्या सोफ्याशी गप्पा मारत बसायचे.

मच्छे गावातल्या आमच्या कारखान्यात यंत्रं बसवायला फ्रेंच इंजिनिअर येत. त्यांच्यात राहून मी थोडं फ्रेंच उचललं होतं. हे कळल्यावर आप्पा सकाळीच दारात हजर.

"पुस्तकातलं नगं. चहा पिताना बोलत्यात तसलं शिकीव. पोरगी एकदा तरी माझ्यासमोर थांबली पायजे."

पहिला धडा अर्थातच तक्रारीचा. 'सा काप्त पा', म्हणजे रेंज नाही. 'सा ब्यूग', मोबाइल गंडलाय. 'ज त व्वा पा', तू दिसत नाहीस. पुस्तकात नकाराचे दोन तुकडे असतात, पण बोलताना फ्रेंच लोक पहिला गिळून टाकतात, असं मी सांगितल्यावर आप्पा खूश झाले. "म्हंजे आपल्यातलीच हैत की माणसं!"

आठवडाभर गल्लीला फ्रेंचचा ताप होता. मिक्सर बंद पडला, 'सा ब्यूग!' दूधवाला दिसला नाही, 'ज त व्वा पा!' आक्का, म्हणजे त्यांची बायको, शेवटी म्हणाली, "त्यात तोंड बंद करायचंबी काय असंल तर शिकवा की ह्यांना."

आमच्या नेटनंही चांगली साथ दिली. दर कॉलला चित्र अडकायचं, आप्पा ओरडायचे आणि लीना पळता पळता वळून खुदकन हसायची.

आणि धनंजयनं घात केला. वडिलांसाठी त्यानं हौसेनं फायबरचं कनेक्शन घेऊन दिलं. त्या रविवारी लीना पडद्यावर आली ती थेट समोर बसल्यासारखी, पापणीन् पापणी दिसत होती. आप्पांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तक्रारीला जागाच नव्हती!

"आता काय म्हनू रं?" ते माझ्या कानात कुजबुजले. गल्लीनं ऐकलं.

लीना सोफ्यावरून घसरायला लागली. आप्पांनी एकदम फोनच्या कॅमेऱ्यावर पंजा ठेवला आणि गरजले, "ज त व्वा पा!"

तिकडून धावत आलेली इवली पावलं आणि एक संतापलेला आवाज.

"काय म्हनती?"

"म्हणतेय, हात काढा! तुम्हीच झाकलंय!"

"भांडतीया!" आप्पांचा चेहरा उजळला. "माझ्यासंगं भांडतीया!"

त्यांनी हात काढला, तर लीनानं तिचा कॅमेरा झाकला. मग दोघंही आळीपाळीनं कॅमेरा झाकत, तू दिसत नाहीस म्हणून एकमेकांवर ओरडत राहिली. आक्कानं आणलेला चहा तसाच निवला.

अखेर जेवायची वेळ झाली म्हणून धनंजय फोन घ्यायला आला. लीनानं तो छातीशी घट्ट धरला आणि किंचाळली, "मों पेपे!"

"माझा आजोबा आहे, म्हणतेय," मी सांगितलं. "फोन देत नाही ती."

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मला म्हणाले, "ऐकू येत न्हाय, ह्याला काय म्हनत्यात?"

"जांतां र्‍यें. पण आप्पा, आवाज तर खणखणीत येतोय..."

"तू गप रं," ते म्हणाले, आणि फोन कानाला लावून ओरडले, "जांतां र्‍यें!"

ती पुन्हा ओरडली, "मों पेपे!" आप्पांना पुन्हा ऐकू आलं नाही.