पारनेरच्या वाटेवरचा खोटा उपास

माझ्या लेकीला, शालनला, सातवा महिना लागला आणि तिला बाळंतपणासाठी नगरला आणायचं ठरलं, त्याच्या आदल्या आठवड्यात मला साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी परीक्षानळीत निळं औषध उकळून दाखवलं. माझी लघवी घातल्यावर ते विटकरी झालं. "भाकरी दिवसाला एकच," ते म्हणाले. "भात, गूळ, साखर, बटाटा, साबुदाणा बंद. पोट भरायचं ते पालेभाजी, ताक, शेंगदाणे आणि अंड्यांवर. महिनाभर असं काढा, मग गोळीचं बघू."

हे फक्त आमच्या ह्यांना ठाऊक होतं. शालनलासुद्धा कळवलं नव्हतं. दुष्काळाचं साल, लोक रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खात होते आणि मला मात्र खाणं अंगावर आल्यासारखा आजार झालेला. शिवाय विहीणबाईंना कळलं तर त्या म्हणणार, आजारी बाईच्या घरी पहिलटकरीण कशी धाडायची? म्हणून मी गप्प राहायचं ठरवलं आणि पिशवीत शेंगदाणे नि उकडलेली अंडी घेऊन एकटीच निघाले.

त्या बाजूला जाणार असाल तर नगरहून सकाळची पहिलीच एसटी धरा. सुप्यापर्यंत पुण्याचा रस्ता आहे, तो चांगला आहे. पुढं पारनेरपर्यंत गाडी इतकी हादरते की मांडीवरची पिशवी हातानं धरून बसावं लागतं. दोन्ही बाजूंना दुष्काळी कामं चालली होती. डोक्याला पदर गुंडाळून बायका खडी फोडत होत्या. सुप्याला गाडी थांबली तेव्हा हॉटेलवाल्याला मी बिनसाखरेचा चहा मागितला.

"बाई, साखर हाय की," तो म्हणाला. "चहाबरूबर तिचे पैसं येगळं न्हाई घेत."

आजूबाजूचे हसले. मी साखर घातलेलाच चहा घेतला, दोन घोट प्यायले आणि बाकीचा बाकाखाली ओतून दिला. हॉटेलवाल्यानं ते पाहिलं. गाडी सुटेपर्यंत मी मान वर केली नाही.

पारनेरच्या पुढं शालनचं गाव. एरवी जावई बैलगाडी घेऊन यायचे, पण बैल जनावरांच्या चारा छावणीत होते. ते चालत आले आणि आम्ही चालतच गेलो. उन्हानं माळ नुसता पांढरा पडला होता. घशाला कोरड पडली होती ती उन्हानं की आजारानं, कळत नव्हतं.

दारात विहीणबाईंनी माझ्या पायांवर पाणी घातलं, तेही अगदी वाटीभर. शालन पोटावर हात ठेवून उभी होती. चेहऱ्यानं वाळली होती. आत चुलीवर पुरण शिजल्याचा वास येत होता. कुठून गहू आणले, कुठून डाळ आणली देव जाणे.

"इहीनबाई, हातपाय धुवा अन् बसा जेवायला," त्या म्हणाल्या. "लेकीच्या ओटभरनाला आलाय, आज पोळी."

ताटाकडं बघून माझ्या तोंडातून निघून गेलं, "मला उपास आहे आज."

विहीणबाईंचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "आधी सांगायचं न्हाई का? अगं कौसा, डब्यातला साबुदाना काढ." कौसा म्हणजे शालनची थोरली जाऊ. घटकाभरात माझ्यापुढं साबुदाण्याची खिचडी आली, गुळात परतलेली रताळी आली आणि वर दोन केळी. सणासुदीला राखून ठेवलेला साबुदाणा होता तो. शालन पंखा घेऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "आई, पोटभर खा." मी खाल्लं. सगळं खाल्लं.

दुपारपासून तहान सुरू झाली. तांब्या रिकामा केला की पुन्हा घसा कोरडा. घरच्यांचा डोळा चुकवून मी रांजणापाशी जात होते आणि तितक्याच वेळा परसात. दिवेलागणीला भिंतीपलीकडं कौसा सासूला सांगत होती, "आत्या, रांजन तळाला गेला. पावनीबाई सारख्या पित्यात. मी सकाळधरनं दोन खेपा केल्या, आता कंबर मोडली माजी."

"हळू बोल. पावन्याच्या पान्याचा हिशोब करत्यात का?"

माझे कान तापले. शालनही ऐकत होती. ती माझ्याकडं न बघता दिव्याची वात सारखी करत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हट्टानं हंडा उचलला. विहीणबाई नको नको म्हणत होत्या. शेवटी त्या माझ्याबरोबर निघाल्या. विहीर गावाबाहेर ओढ्यात होती. पाणी खोल, खाली उतरून वाटीनं भरायचं. पुष्कळ वेळानं नंबर लागला. चढ चढताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी बसले ती हंड्यासकट. पाणी उतारावरून वाहत गेलं. मागच्या बायका थांबल्या. त्या वाहून गेलेल्या पाण्याकडं बघत राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

विहीणबाईंनी आपला हंडा उतरवून माझं तोंड पुसलं. "इहीनबाई, काय हुतंय? खरं सांगा."

मी सांगितलं. निळ्या औषधापासून खोट्या उपासापर्यंत सगळं. सांगताना त्यांच्या तोंडाकडं बघवेना म्हणून त्यांच्या पायांकडं बघत होते. टाचा भेगाळलेल्या होत्या.

त्यांनी माझा रिकामा हंडा उचलून सरळ ठेवला आणि म्हणाल्या, "माजा साबुदाना इख झाला म्हना की तुमाला." आणि थोड्या वेळानं, "पोरीला न्या तुमी. पर बाळंतपनाला मी येनार. तुमच्या एकटीच्यानं न्हाई व्हायचं."

तिसऱ्या दिवशी ओटी भरली. पंगतीत सगळ्यांच्या पानावर पोळी पडली. माझ्या पानावर विहीणबाईंनी वांग्याचं भरीत, आमटी आणि ताकाची वाटी ठेवली आणि वाढणाऱ्या कौसाला खणखणीत आवाजात सांगितलं, "त्यांना पोळी न्हाई वाढायची. त्यांना साखर झालीया."

सगळ्या माना वळल्या. एकीनं विचारलं, "म्हंजी काय वं? मुंग्या लागत्यात तीच का?" एक-दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. विहीणबाईंच्या मनात मला लाजवायचं नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मी भरीत बोटांनी पानावरच फिरवत राहिले. माझी लेक हिरवी साडी नेसून समोर बसली होती, आणि तिच्याकडं बघायचं सोडून सगळ्या माझ्या पानाकडं बघत होत्या.

परतीच्या एसटीत शालन सुप्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, आमच्या घरचं अन्न तुला नको झालंय. दोन दिवस मला तेच वाटत होतं गं."

मला वाटत होतं, मी फक्त माझा आजार झाकते आहे. मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला.

शालनला मुलगी झाली. विहीणबाई शब्दाप्रमाणे आल्या, महिनाभर राहिल्या आणि स्वयंपाकघर त्यांनी ताब्यात घेतलं. तपासणीचं निळं औषध आता विटकरी होत नाही, बहुतेक वेळा हिरवट राहतं. भाकरी एक, त्याबरोबर मेथी, ताक, कधी अंडं. भूक लागते, पण सवय होते आहे. नव्यानं निदान झालेल्यांनी प्रवासात शेंगदाणे जरूर न्यावेत. उपास मात्र सांगू नये.

गेल्या आठवड्यात शेजारणीकडं हळदीकुंकवाला गेले; त्या हातावर पेढा ठेवायला आल्या, तेव्हा मी हात मागं घेतला आणि म्हणाले, "मला साखर आहे." चारचौघी थांबल्या. माझं तोंड लाल झालं असणार, कानांपर्यंत तापलं होतं. कुणीतरी म्हणालं, "अगंबाई!" मी कुंकू लावून घेतलं आणि तिथंच बसून राहिले, सगळ्यांबरोबर उठेपर्यंत.