सुप्याचा खोंड

"ताई, तुझं अक्षर चांगलं आहे, तू नुसतं लिहायचंस," असं म्हणत धाकट्या भावाने, अविनाशने, दिवाळीच्या सुट्टीत मला जीपमध्ये बसवलं. तो जनावरांचा डॉक्टर. कोणत्या खिलार जनावराच्या अंगावर मांस लवकर चढतं आणि त्याची खूण रक्तात सापडते का, यावर त्याचा प्रबंध चालला होता. त्यासाठी एकमेकांच्या नात्यात नसलेली जनावरं हवी होती. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी चव्वेचाळीस वर्षांची, कॉलेजात इतिहास शिकवणारी. नोंदी आपल्याला जमतात, याची मला खात्री होती.

पुण्याहून सासवड, जेजुरी, मोरगाव. मोरगावला गरम भजी खाऊन घ्या, कारण पुढे सुप्याच्या माळावर गवत आणि नशीब असेल तर चिंकारा, एवढंच. सुपे आणि लोणी भापकर मिळून सात खोंड झाले. टेपने छाती मोजायची, मानेच्या शिरेतून रक्त घ्यायचं, नळी बर्फाच्या डब्यात ठेवायची. लोणीत एका खोंडाच्या मालकाला, आबांना, मी विचारलं, "हा कुठला?"

"सुप्याचा हाय," आबा म्हणाले. मी लिहिलं: जन्मगाव सुपे.

मुक्काम बारामतीत. स्टँडजवळच्या खानावळीत पिठलं-भाकरी झकास आणि स्वस्त.

दुसऱ्या दिवशी लासुर्ण्याला निघालो. या रस्त्यावर उसाच्या गाड्यांमागे रखडायची तयारी ठेवा. तिथले तात्या टेप बघून म्हणाले, "मटनाचा अंदाज काडताय व्हय?"

"मांस किती चढतं तेच बघतोय, तात्या," अविनाशने सरळ सांगितलं. "पण नेणार फक्त रक्त."

"न्या की. पर ह्या खोंडाच्या भावाचं काल नेलंय न्हवं, लोणीच्या आबाकडनं?"

मी वही उघडली. "तो सुप्याचा आहे."

तात्या खो खो हसले. "अवो बाई, सुप्याच्या बाजारात घेतला म्हून सुप्याचा! जल्म ह्याच गोठ्यातला. आई ही काय, तुमच्या मागं हुबी हाय."

गाय माझा पदर हुंगत होती.

"जन्म कुठला, असं किती जणांना विचारलंस?" अविनाशचा आवाज शांत होता.

"एकालाही नाही."

तात्यांच्या खोंडाचं रक्त न घेताच आम्ही उलटे फिरलो. लोणी, सुपे, दारोदार. आबा म्हणाले, "तुमी इचारलं कुठला, आमी सांगितलं. जल्म कवा इचारला?" त्यांच्या खोंडाचं गाव बदलून नोंद टिकली. दोन मालकांना मात्र आपल्या खोंडाचा जन्म ठाऊकच नव्हता. त्या दोन नळ्या बाद झाल्या.

घरी येऊन पक्की नक्कल करताना त्या दोन ओळी गाळाव्यात असं मनात आलं. कोणी विचारणार नव्हतं. मग त्या लिहिल्या, आडवी रेघ मारली आणि पुढे कारण लिहिलं: लिहिणारीने प्रश्न चुकीचा विचारला.

अविनाशने वाचून खाली सही केली. प्रबंधाच्या शेवटी ते पान तसंच बांधलेलं आहे.