तिसरी न शिकलेली मुलगी

सामंत गुरुजींचं नाव आधी लिहितो. ते नसते तर मी आज बाळकुमच्या खाडीत जाळं टाकत असतो, आणि तेही धड टाकलं नसतं, असं माझे वडील म्हणायचे. गुरुजींनी माझ्यासाठी दोन गोष्टी केल्या. शाळेत नाव घालताना माझी जन्मतारीख एक जून लिहिली आणि पुढे मला तिसरीत दोनदा बसवलं. त्या दिवशी मला या दोन्ही गोष्टी एकदम आठवल्या, कारण समोर दामले बसले होते आणि म्हणत होते, "भोईर सर, त्या तारखेचं काहीतरी करा."

"कसली तारीख?"

"मुग्धाची. जन्माची."

ही गोष्ट ऐंशीचं दशक संपता संपतानाची. कल्याणच्या एका ज्युनियर कॉलेजात मी बायॉलॉजी शिकवायचो. बारावीचा निकाल लागला की प्राचार्य चित्रे स्टाफरूमबाहेर एक टेबल लावायचे, त्यावर 'प्रवेश मार्गदर्शन केंद्र' अशी पाटी ठेवायचे आणि टेबलामागे मला बसवायचे. बाकीचे लोक गावी गेलेले असायचे. माझं गाव ठाण्याला लागून, त्यामुळे हे कारण मला कधी देता आलं नाही.

तेव्हा सीईटी नव्हती. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजीचे मार्क धरून मेरिट लिस्ट लागायची. या तीन विषयांना आम्ही पीसीबी म्हणायचो. लिस्टमधल्या शेवटच्या ज्या मुलाला जागा मिळाली, त्याचे मार्क म्हणजे कट-ऑफ. मेडिकलचा कट-ऑफ वर, डेंटलचा त्याच्या खाली. त्यामुळे पालकांच्या लेखी डेंटल म्हणजे मेडिकल हुकल्यावर जायची जागा. वास्तविक दात शरीरात बराच वर असतो, पण हे कोणाच्या लक्षात येत नसे.

टेबलापुढे बहुतेक वेळा वडील बसायचे आणि मूल मागे उभं राहायचं. वडील म्हणायचे, "आम्हाला पीसीबीला एवढे पडलेत." परीक्षा कोणी दिली, असा प्रश्न पडायचा. कोणी बायॉलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेलं असायचं आणि आता डेंटलला जायचं असायचं. कोणी डोमिसाईलवर चिडायचं. डोमिसाईल म्हणजे राज्यात राहत असल्याचा सरकारी दाखला. "जन्म गेला डोंबिवलीत, हे सरकारला माहीत नाही?" मी म्हणायचो, "माहीत असेल, पण सरकारला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मुग्धा दामले मात्र वेगळी होती. बायॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला झुरळाच्या तोंडाचे भाग सुटे करून काचपट्टीवर मांडावे लागतात. मुलं ते तोडतात, हरवतात, शेजाऱ्याचे उचलतात. मुग्धाची काचपट्टी मी पुढची दोन वर्षं इतरांना दाखवायला ठेवली होती. ती मला म्हणालेली, "सर, मला मेडिकल नकोच आहे. मला डेंटलच पाहिजे. बारीक काम असतं ना त्यात." डेंटल आपणहून मागणारी विद्यार्थिनी मी प्रथमच बघत होतो.

तिचे मार्क डेंटलच्या आदल्या वर्षीच्या कट-ऑफच्या थोडे वर होते. फॉर्म मुंबईला नेण्याआधी दामले तो तपासायला माझ्याकडे घेऊन आले. मार्क ठीक, डोमिसाईल ठीक, फिटनेसचं सर्टिफिकेट ठीक. मग मी जन्मतारीख पाहिली आणि माहितीपुस्तिका उघडली. डेंटलला प्रवेश घेणाऱ्याला त्या वर्षाच्या एकतीस डिसेंबरपर्यंत सतरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. मुग्धाला ती पुढच्या फेब्रुवारीच्या अखेरीस होणार होती.

"असं कसं?" दामले म्हणाले. "तिच्या वर्गातल्या मुली बसतात नियमात."

"वर्गातल्या मुली मोठ्या आहेत तिच्यापेक्षा."

"हां, म्हणजे तिला डबल प्रमोशन आहे ना!" त्यांचा चेहरा उजळला. "दुसरीतून थेट चौथीत. माझी बहीण त्याच शाळेत शिकवायची. तिने हेडबाईंना सांगितलं, ही पोरगी तिसरीत बसून काय करणार? एक वर्ष वाचलं. सोसायटीत पेढे वाटले होते आम्ही, सर."

"ते वाचलेलं वर्ष आता मागताहेत," मी म्हणालो.

"म्हणजे हुशारीमुळे नापास?"

"नापास नाही. लहान."

दामले बँकेत अधिकारी होते. प्रत्येक अडचणीवर एक अर्ज असतो, अशी त्यांची श्रद्धा होती. ते खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "तारखेचं काहीतरी करा. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. तुमच्याकडे नाही का सगळ्यांची एक जून असते? तुमचीही तीच असेल."

"तीच आहे."

"मग आमच्याच तारखेला काय सोनं लागलंय?"

बोलणं झोंबलं, पण खोटं नव्हतं. आमच्याकडे जन्मतारीख कोणाला माहीत नसे. माझी आई सांगायची, नारळी पुनव झालेली, बोटी पुन्हा पाण्यात गेलेल्या, तेव्हा तू झालास. नारळी पुनव लिहायला शाळेत रकाना नव्हता. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, म्हणून गुरुजी एक जून लिहायचे. बाळकुमची आमची अख्खी पिढी कागदोपत्री एकाच दिवशी जन्मली, आणि त्यातले नोकरीला लागलेले सगळे एकतीस मेला रिटायर होतात.

"साहेब," मी म्हणालो, "आमची तारीख माहीत नव्हती म्हणून लिहिली. तुमची माहीत आहे, ती तुम्हाला पुसायचीय."

दामले उठले आणि थेट प्राचार्यांकडे गेले. दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावणं आलं. दामले, त्यांच्या पत्नी आणि मुग्धा आधीच येऊन बसले होते.

"भोईर, यंदा आपली एकच मुलगी डेंटलला लागतेय," चित्रे सर म्हणाले. "मी नाव नोटीस बोर्डावर लावलंसुद्धा. ते काय आता काढायचं?"

त्यांनी तोडगा तयार ठेवला होता. जन्म डिसेंबरातला, नगरपालिकेत नोंद उशिरा झाली, असं अ‍ॅफिडेव्हिट दामले करणार. अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे शपथेवर लिहून देणं. त्याला मुग्धाच्या जुन्या शाळेचं पत्र जोडायचं आणि केंद्रप्रमुख म्हणून माझं शिफारसपत्र. मी केंद्राचा प्रमुख आहे हे मला तेव्हा कळलं. तोवर मी त्याला फक्त टेबल समजत होतो.

"मी देणार नाही सर," मी म्हणालो. "आज खपेल. तिसऱ्या वर्षाला कोणी कागद पडताळले तर प्रवेश रद्द होईल. तोवर दुसरीकडे कुठे जायची वेळही निघून गेलेली असेल. तोटा हिचा होईल, शिफारस करणाऱ्याचा नाही."

"कोण पडताळतंय?" दामले म्हणाले. "वीस डिसेंबर लिहू, विषय संपला."

"अहो," मिसेस दामले पहिल्यांदाच बोलल्या, "आपलं लग्न मेअखेरीस झालं."

"मग?"

"मग काय मग? डिसेंबर म्हणजे सातवा महिना."

चित्रे सर पंख्याकडे बघू लागले.

"होतात की सातव्या महिन्यात मुलं," दामले म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"होतात. आठ पौंडांची होत नाहीत. आणि बारशाला तुमच्या आत्याबाई होत्या. अजून खणखणीत आहेत त्या. त्यांना दाखवा तुमचं अ‍ॅफिडेव्हिट."

कायदा, माहितीपुस्तिका आणि मी, तिघांना जे जमलं नव्हतं ते बाईंनी दोन वाक्यांत केलं. वीस डिसेंबर तिथेच मागे पडला.

मुग्धा आतापर्यंत ओढणीच्या टोकाशी चाळा करत बसली होती. मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला कोणी विचारलंच नाही सर." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, तिसरीत नेमकं काय शिकवतात हो?"

मी तिसरीचे धडे आठवू लागलो.

"चौथीत गेले ना, तेव्हा सगळ्यांना काहीतरी माहीत असायचं. मला नसायचं. बाबा म्हणायचे, तू हुशार आहेस, तुला जमेल. मग मी पाठ करायचे. डब्याच्या सुट्टीत मुली म्हणायच्या, तू लहान आहेस, तुला नाही खेळायला घेत. तेव्हापासून मी नुसती पळतेय. एक वर्ष थांबायचं असेल तर मी थांबते. मला आवडेल."

"आणि लोक काय म्हणतील?" दामले म्हणाले. "मुलगी नापास झाली म्हणतील! घरी बसली म्हणतील!"

"साहेब, मी तिसरीत दोनदा बसलोय," मी म्हणालो.

मी त्यांना ते थोडक्यात सांगितलं. त्या वर्षी वडील आजारी होते. मी काकाबरोबर होडीवर जायचो आणि शाळेत फार कमी यायचो. तेव्हा अशा मुलांना वर ढकलायची पद्धत होती, म्हणजे शाळेचा निकाल चांगला दिसे. सामंत गुरुजींनी मला ढकललं नाही. ते घरी आले. वडील चिडून म्हणाले, "नापास झायला ना पोर? मंग आता होरीवरच जाव दे." गुरुजी ओट्यावर बसले आणि म्हणाले, "याला अजून नीट वाचता येत नाही. चौथीत पाठवून मी कोणाला फसवू? एक वर्ष माझ्याकडे द्या." वडिलांनी दिलं. मी महिनाभर गुरुजींशी बोललो नाही. त्या दुसऱ्या तिसरीत मी वाचायला शिकलो.

दामल्यांनी विचारलं, "आणि तुम्ही एम.एस्सी.?"

"हो. सेकंड क्लास."

का कोण जाणे, पण या सेकंड क्लासमुळे त्यांना जरा धीर आला.

मी मुंबईला प्रवेशाच्या कार्यालयात जाऊन चौकशी केली. खिडकीतला क्लार्क मान वर न करता म्हणाला, "पुढच्या वर्षी हेच मार्क चालतील. वय वाढवून या." धोका एकच होता. पुढच्या वर्षी कट-ऑफ वर गेला, तर वय बसेल आणि मार्क बसणार नाहीत.

ते वर्ष मुग्धाने मानपाड्याच्या एका डेंटिस्टकडे काढलं. दातांचे साचे घ्यायला प्लास्टर कालवायचं, साचे घासून साफ करायचे, कवळी बसवून घ्यायला आलेल्या आजोबांशी गप्पा मारायच्या. सायकल शिकली. गुडघे फोडून घेतले. दामले सोसायटीत सांगायचे, "ती सध्या रिसर्च करतेय."

पुढच्या जूनमध्ये कट-ऑफ वर गेला. मुग्धाचं नाव वेटिंग लिस्टमध्ये आलं, तेही बरंच खाली. दामले माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "तुमच्या गुरुजींचं ऐकलं आम्ही." एवढं बोलून ते निघाले. ते दिवस मला वाईट गेले. मला तिची ती काचपट्टी आठवायची.

मग मेडिकलची पुढची फेरी लागली. मेडिकलच्या काही जागा सुटल्या आणि डेंटलला नाइलाजाने बसलेली मुलं भराभर तिकडे धावली. वेटिंग लिस्ट वर सरकत गेली. ज्यांना डेंटल नको होतं ते निघून गेले, आणि जिला हवं होतं तिला जागा झाली. खिडकीतल्या क्लार्कने तारीख पाहिली आणि म्हणाला, "वय ठीक." एवढाच समारंभ.

चित्रे सरांनी नोटीस बोर्डावर 'आमच्या मार्गदर्शन केंद्राचे यश' असं लिहून लावलं. दामल्यांनी पेढे आणले आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं, "आम्ही मुद्दामच एक वर्ष थांबलो. मॅच्युरिटी यायला पाहिजे." मिसेस दामले माझ्याकडे बघून हसल्या.

त्यानंतर बरीच वर्षं मी त्या टेबलामागे बसलो. सीईटी आली, नियम बदलले, पुस्तिका जाड झाली. पण पालकांना मी वयाची अट सगळ्यात आधी दाखवायचो. अभ्यास करून पूर्ण होत नाही अशी तेवढी एकच अट आहे.

गुरुजी तेव्हा तळकोकणात त्यांच्या गावी राहायचे. दर एक जूनला मी त्यांना पत्र लिहीत असे. मुग्धाला जागा मिळाली त्या वर्षी मात्र आणखी एक लिहिलं.

*तीर्थरूप गुरुजींस,*

*साष्टांग नमस्कार. एक जून होऊन गेला तरी पुन्हा लिहितो आहे, कारण बातमी आहे. माझी एक विद्यार्थिनी डेंटलला लागली. तिची तिसरी राहून गेली होती. माझ्याकडे दोन होत्या. आपण दिलेली जास्तीची तिसरी इतकी वर्षं नुसती पडून होती, ती इथे कामी आली.*

*तिने मला विचारलं, तिसरीत काय शिकवतात. मला धड्यांतलं काहीच आठवेना. आपण ओट्यावर बसला होतात आणि वडील चिडले होते, तेवढं आठवलं. तिला ते सांगितलं.*

*आई म्हणते मी नारळी पुनवेनंतरचा. म्हणजे आपल्या तारखेमुळे मी तीन महिने आधी रिटायर होणार. माझी तक्रार नाही. आपण एक वर्ष जास्त दिलंत, त्यातून तीन महिने वजा केले तरी बाकी माझ्याकडेच निघते.*

*तब्येतीला जपावे.*

*आपला विद्यार्थी,*
*हरिश्चंद्र भोईर*
*जन्म एक जून, आपल्या हस्ते*