वाफसामामा

वाफसामामांनी उभ्या जन्मात कुणाला सहजासहजी 'पेरा' म्हटलं नसेल. आधी मुठीत मातीचा गोळा दाबायचा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचा. फुटला तर वाफसा आला, नुसता चपाटला तर, "थांबा अजून. जमीन काय पळून जातीया व्हय?" पेरण्याजोगी बेताची ओल म्हणजे वाफसा, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं.

राजारामपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटचे ते वॉचमन. टाळेबंदीत माझा क्लास बसला, कुणाचं दुकान गेलं, कुणाची नोकरी. तेव्हा सात जणांनी मिळून कळंब्याच्या पुढं दोन एकर खंडानं घेतले. सहा शहरी शहाणे आणि सातवे मामा. शेती येत होती ती त्यांनाच. नियम मात्र आमचा, निर्णय बहुमतानं. मामा हसायचे. "हात वर करून पाऊस पडतोय व्हय, सर?"

पहिल्याच पेरणीला पावसानं उघडीप दिली. ट्रॅक्टर रविवारचा ठरलेला, नंतर आठवडाभर मिळणार नव्हता. मामांचा गोळा चपाटला. "चार दिस कळ काढा. पावण्यांची बैलं आणतो की मी!"

बांधावर मतदान झालं. तीन हात पेरायच्या बाजूनं, मामांसह तीन विरुद्ध. राहिलो मी. खरं सांगतो, मामांचं मला पटलं होतं. पण महिनाभर वॉचमनची बोलणी खाऊन माझ्यातला मास्तर चिडला होता. माझा हात वर गेला. आजही त्याची लाज वाटते.

चिखलात पेरलं. मग ऊन तापलं, वर पापडी धरली, सोयाबीन खालच्या खाली कुजलं. मामा आठवडाभर खुरप्यानं एकटेच पापडी फोडत होते. मी डबा घेऊन गेलो तर म्हणाले, "सावलीला बसा सर, ऊन लागंल." शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं हो!

पुन्हा बियाणं आणायचा दम कुणातच नव्हता. जमीन परत द्यायचं ठरलं, तेही बहुमतानंच. त्या सकाळी मालकाची वाट बघत आम्ही बांधावर उभे होतो. मामा सवयीनं वाकले, गोळा दाबला, सोडला. त्याचा भुगा झाला.

"आज हाय बघा वाफसा," ते म्हणाले. "पेरायचं का?"

सगळ्यांच्या तोंडाकडं त्यांनी एकदा बघितलं. शेवटी माझ्याकडं.

कुणाचाच हात वर झाला नाही. माझाही.