शेवटचा फटका कोणाचा

“देवानं मारलं, असं कोर्टात म्हणालास तर फासावर जाशील,” मी रामाला पुन्हा सांगितलं. “मला काही कळत नव्हतं, एवढंच म्हण.”

“पर रावसाहेब, म्या तिथं नव्हतोच. जो नव्हता, त्याला कळत व्हतं का नाय, हे त्यानं कसं सांगावं?”

बी.ए.ला मी तर्कशास्त्र घेतलं होतं. एवढा सरळ प्रश्न मला कुठल्याही प्रोफेसरांनी विचारला नव्हता. मी रामावर खेकसलो, “हे असलं तिथं बोलू नकोस,” आणि जेलच्या बाहेर पडलो.

ही सन छत्तीस-सदतीसच्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा नाशिकच्या सेशन्स कोर्टात, म्हणजे खुनासारखे मोठे खटले चालतात त्या कोर्टात, वकिली करत होतो. रामा नांदगाव तालुक्यातला शेतकरी. रविवारी त्याच्या अंगात खंडोबा येई. अशा माणसाला गावाकडे ‘झाड’ म्हणतात. अंगात आलेला देव लोकांच्या अडचणी सोडवी, कुणाला भूत लागलं असेल तर मारून काढी. मार भुताला लागतो, माणसाला नाही, अशी सगळ्यांची खात्री. मार खाणाऱ्याचीसुद्धा.

रामाचा धाकटा भाऊ दगडू बरेच महिने आजारी होता. मधूनच बरळायचा. औषधाने गुण येईना, तेव्हा तोच म्हणाला, मला देवापुढं न्या. रविवारी भर दुपारी, सगळ्या गावासमोर, रामाच्या अंगात आलं. त्याने खंडोबाची लोखंडी साखळी उचलली आणि भूत काढायला सुरुवात केली. दगडू त्यातच गेला.

पोलिसांनी खुनाचा खटला भरला. भावाभावांत शेताची वाटणी झालेली नव्हती, हे त्यांना कारण म्हणून पुरलं. रामाच्या देवाला सातबारा वाचता येत होता, असं सरकारी वकिलांचं एकूण म्हणणं.

माझी भिस्त वेडेपणाच्या कलमावर होती. आपण काय करतोय हेच ज्याला मनाच्या बिघाडामुळे कळत नाही, त्याला कायदा गुन्हेगार धरत नाही. अडचण अशी की रामा इतर दिवशी तुमच्याआमच्याइतकाच शहाणा. सिव्हिल सर्जननी त्याला ऑब्झर्व्हेशनखाली ठेवून तसं लिहूनही दिलं होतं. तेव्हा त्या तेवढ्या वेळापुरता रामा हा रामा नव्हता, असं मला दाखवायचं होतं. साक्षीदार सगळे एकमुखाने तेच सांगत होते.

शिवाय असेसर होते. त्या काळी सेशन्स जज्जाशेजारी जिल्ह्यातली चार प्रतिष्ठित माणसं बसवत. त्यांनी पुरावा ऐकायचा आणि शेवटी आपलं मत सांगायचं. ते मत जज्जावर बंधनकारक नसे. आमच्या असेसरांत निफाडकडचे एक वयस्क पाटील होते. कपाळाला भंडारा. त्यांना पाहून मी मनातल्या मनात खूश झालो. गोरा जज्ज मानो न मानो, हा माणूस मानणार.

साखळी पुराव्यादाखल टेबलावर ठेवताना पट्टेवाल्याने आधी तिला हात लावून नमस्कार केला. जज्जसाहेबांनी ते पाहिलं आणि काहीतरी टिपून घेतलं. सगळं माझ्या बाजूने चाललं होतं.

मग दगडूची बायको सखू साक्षीला आली. साक्ष सरकारची, पण तिला दिराला सोडवायचं होतं. घरात कमावणारा तेवढाच एक उरला होता.

“तुझ्या नवऱ्याला कोणी मारलं?” सरकारी वकिलांनी विचारलं.

“देवानं.”

“भावांची भांडणं होती?”

“नाय. भाऊजींनी लेकरावानी वाढवलं त्यास्नी.”

मी उलटतपासणीत जुजबी विचारून खाली बसलो. चांगल्या साक्षीला वकिलाने फार हात लावू नये. तेवढ्यात पाटलांनी जज्जसाहेबांकडे परवानगी मागितली. असेसरला तसं विचारता येई.

“बाई, देव दगडूला काय म्हणून हाक मारत व्हता?”

त्या प्रश्नाचा रोख माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. अंगातला देव कुणाचं नाव घेत नाही. त्याला सगळी लेकरंच. झाडाची सख्खी आई पाया पडली तरी तो तिला ‘लेकरा’च म्हणतो. नाव घेतलं, तर देव गेला असं धरून लोक उठून जातात.

“लेकराच म्हनत व्हता,” सखू म्हणाली. “शेवटाला वाकून हळूच म्हनला, ‘दगड्या, आता तरी बोल रं.’ लय मायेनं म्हनला.”

“मंग?”

“मंग येक फटका मारला. मंग हे पडले.”

आपण दिराच्या भल्याचं बोललो, असंच तिला वाटत होतं; त्या मायेपुढे नावाची खूण तिच्या ध्यानातच आली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर तसं स्पष्ट दिसत होतं.

पाटील काही दुष्ट नव्हते. त्यांचा देवावर विश्वास होता, म्हणूनच काय विचारायचं ते त्यांना ठाऊक होतं. सरकारी वकिलांना ते जन्मात सुचलं नसतं.

पुरावा संपल्यावर आरोपीला काय सांगायचं ते विचारतात. त्याला शपथ नसते. मी रामाकडून एक वाक्य पाठ करून घेतलं होतं. तो सखूकडे बघत उभा होता.

“शेवटचा फटका म्या मारला,” तो म्हणाला.

मी ताडकन उठलो. जज्जसाहेबांनी हातानेच मला बसवलं आणि स्वतः मराठीत विचारलं, “तुला तो आठवतो?”

“नाय.”

“मग कशावरून सांगतोस?”

“देव नाव घेत नाय, सायेब. दगड्या म्याच म्हनतो त्याला. देव गेल्ता, म्या मागारी आल्तो.”

“परत आलास, हे तुला तेव्हा कळलं?”

“नाय. आत्ता कळलं. हिच्या तोंडून.”

मी पुष्कळ भांडलो. जे आठवतच नाही, ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून कबूल करणं ही कबुली नव्हे, ती नुसती समजूत आहे, असं परोपरीने सांगितलं. तीन असेसरांनी रामाला निर्दोष म्हटलं. पाटील म्हणाले, “नाव घेतल्यापासून पुढं गुन्हा त्याचा.” जज्जसाहेबांनी खून धरला नाही, सदोष मनुष्यवध धरला आणि सात वर्षं सक्तमजुरी दिली. फाशी टळली म्हणून बाररूममध्ये माझं अभिनंदन झालं. मला त्या लोकांचा भयंकर राग आला.

अपिलाचे कागद घेऊन मी जेलमध्ये गेलो, तर रामा अंगठा द्यायला तयार होईना.

“हायकोर्टात सुटशील,” मी म्हणालो.

“देव नाव घेत नाय, हे त्यास्नी म्हाईत हाय का?”

“त्यांना त्याच्याशी काय करायचंय?”

“मंग त्यांच्या सोडण्याला काय अर्थ हाय, रावसाहेब?”

त्याच्या अंगात पुन्हा कधी आलं नाही, असं जेलर म्हणाला. दुसऱ्या पावसाळ्यात तो न्यूमोनियाने जेलमध्येच गेला.

सखू त्यानंतर एकदा माझ्याकडे आली. पायरीवरच बसली. “म्या बोलले नसते, तर सुटले असते का भाऊजी?”

“नाही,” मी म्हणालो. “शिक्षा झालीच असती.”

“तुमाला नक्की म्हाईत हाय?”

“माहीत आहे,” मी धडधडीत खोटं बोललो. ती उठून गेली.

हल्ली ज्युनिअर येतात, तेव्हा त्यांना एवढंच सांगतो. पक्षकाराला काय आठवतं ते विचारून लगेच उठू नका. तो काय मानतो तेही विचारून घ्या. तुमच्या कायद्यातून तो सुटेलही, स्वतःच्या मानण्यातून सुटत नाही.